एमबीत न चढलेले दगड

त्या दिवशी आम्ही औरंगजेब पाहायला जाणार होतो, पण बॉम्ब निघाला.

६ ऑगस्ट २०२५, बुधवार. गाव जर्मनीतलं ड्रेस्डेन. मुलगी तिथे चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर आहे. तिच्यासारखी आपल्याकडची बरीच पोरं आता त्या गावात आहेत. सकाळी तिने फोन पाहिला आणि म्हणाली, "बाबा, आज जुन्या गावात जाता येणार नाही. पुलाच्या कामावर बॉम्ब सापडलाय." ब्रिटिश बनावटीचा, २५० किलोचा, ८० वर्षं तिथेच पडून होता. भोवतालच्या सुमारे १७,००० लोकांना घरं सोडायला सांगितली होती. हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. मुलीचं घर त्या वर्तुळाच्या बाहेर, म्हणून आम्ही गॅलरीत बसून चहा पीत होतो. आमची ही म्हणाली, "आपल्या यवतमाळात आठवड्यानं नळ येते म्हणून रडतो आपण. यांच्या घरी तर बॉम्ब येऊन राह्यला."

मी ३४ वर्षं सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होतो. पुढे त्या पदाचं नाव बदललं, पण गावोगावचे लोक शेवटपर्यंत ओव्हरसियरसाहेबच म्हणत. खोदकामात काय काय लागतं ते मला माहीत आहे. पाण्याचा पाइप फुटतो, टेलिफोनची केबल तुटते, एकदा तर हाडं निघाली आणि दोन दिवस काम बंद राहिलं. पण बॉम्ब निघाला म्हणून काम थांबलं, असं कारण मुदतवाढीच्या अर्जात लिहायची पाळी माझ्यावर कधी आली नाही.

त्या पुलाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. करोला पूल, एल्बे नदीवरचा. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे तीनच्या सुमारास त्याचा एक भाग आपोआप नदीत बसला. काही मिनिटांआधीच त्यावरून ट्राम गेली होती. माणूस एकही दगावला नाही. १९७१ चा पूल, ताणलेल्या पोलादी तारांच्या काँक्रीटचा, आणि त्या तारांना आतून गंज. बाहेरून चिरही दिसत नाही. मुलगी हे सांगत होती तेव्हा मला घाम फुटला. माझ्या सहीचे पूल आठवले, एकेक करून. त्या पडक्या पुलाचा मलबा उपसता उपसता हा बॉम्ब हाती आला होता. दुपारी तो निकामी केला आणि लोक घरी परतले. संध्याकाळी ट्राम नेहमीसारख्या धावत होत्या, आणि कोणी त्याबद्दल फारसं बोलतही नव्हतं.

औरंगजेब दुसऱ्या दिवशी पाहिला.

इथल्या राजवाड्यात 'हिरवी तिजोरी' म्हणता येईल असं जडजवाहिरांचं संग्रहालय आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात तिथे मोठी चोरी झाली होती, ती बातमी आपल्याकडेही आली. त्याच्या नव्या दालनात काचेच्या पेटीत मोगल दरबार मांडलाय. दीड-एक मीटर रुंदीची चांदीची चौथरी, वर पायऱ्या, छत्राखाली बादशहा, आणि खाली नजराणे घेऊन आलेले सरदार, हत्ती, घोडे, पालख्या. अंगठ्याएवढी माणसं, सोन्याची आणि मिन्याची. नाव असं की दिल्लीच्या दरबारात औरंगजेबाचा वाढदिवस. योहान मेल्खिओर डिंगलिंगर नावाच्या सोनाराने दोघा भावांना हाताशी धरून १७०१ ते १७०८ या काळात ते घडवलं. हिरे ४,९०९. माणकं १६०, पाचू १६४. त्या काळी युरोपात जाणारा हिरा म्हणजे बहुतेक आपल्याच बाजूचा, म्हणजे दगड आपले, सोनार त्यांचा. सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा बलदंड ऑगस्ट याने यासाठी ५८,४८५ थालर मोजले, तेही हप्त्याहप्त्याने. राजाही हप्त्यावर घेतो हे वाचून बरं वाटलं.

मी पेटीसमोर उभा राहून साल मोजत होतो. १७०१ म्हणजे औरंगजेब पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला. १७०२ ला विशाळगड. तिथून परत पन्हाळ्याकडे येताना भर पावसात त्याची छावणी चिखलात रुतली आणि तीसेक मैलांना महिन्याहून जास्त लागला. उंट, हत्ती, तंबू, सगळं ओढ्यांत गेलं. १७०३ ला सिंहगड, १७०४ ला राजगड आणि तोरणा. त्याच १७०३ मध्ये मराठा सरदार नेमाजी शिंदे आमच्या वऱ्हाडात घुसला, तिथल्या मोगल नायब सुभेदाराला हरवून त्याने धरलं आणि पुढे नर्मदा ओलांडून माळव्यात उतरला. आमचं यवतमाळ तेव्हा त्याच सुभ्यातलं एक ठाणं. 'ऐन-इ-अकबरी'त ते यवत-लोहारा अशा जोडनावाने येतं, आणि शेजारचं कळंब तर सरकारचं मुख्य ठिकाण होतं. बादशहा १६८१ ला दक्षिणेत उतरला तो परत दिल्लीला गेलाच नाही. वाढदिवसाला तुला करून घ्यायची चालही त्याने स्वतःच मोडली होती. म्हणजे डिंगलिंगर ड्रेस्डेनमध्ये ज्या वाढदिवसाचे हत्ती घडवत होता, त्या वाढदिवसाला दिल्लीत ना बादशहा होता ना वाढदिवस. सोनार कधी भारतात आला नव्हता. प्रवाशांची पुस्तकं वाचून, चित्रं पाहून त्याने दरबार उभा केला, आणि कमी पडलं तिथे चिनी नक्षी घातली. १७०७ ला औरंगजेब अहमदनगरला वारला, त्याला खुलताबादला मातीत पुरलं. काम त्यानंतर वर्षाने पुरं झालं.

बलदंड ऑगस्टचंही त्याच सुमारास कंबरडं मोडलं होतं. १७०६ ला स्वीडनपुढे नमून त्याने पोलंडची गादी सोडली. म्हणजे बनवून घेणारा आणि ज्याचं बनवलं तो, दोघेही लढाईत बुडालेले, आणि मध्ये हा हिऱ्यांचा वाढदिवस. २०२५ च्या मार्चमध्ये याच बादशहाच्या कबरीवरून आमच्या नागपुरात डोकी फुटली, कर्फ्यू लागला. इथे एक जर्मन बाई नातवाला उचलून त्याला हत्ती दाखवत होती.

या दरबारालाही युद्ध चुकलं नाही. दुसऱ्या महायुद्धात हे सगळं गावापासून दूर डोंगरावरच्या क्योनिगश्टाइन किल्ल्यात नेऊन ठेवलं. १९४५ ला रशियन सैन्याने ते तिथून उचललं आणि १९५८ मध्ये परत केलं. मूळच्या १३७ पुतळ्यांपैकी आता १३२ उरलेत. माझा अंदाज असा, की आपल्याकडे एवढ्या हातांतून वस्तू गेली असती तर चौथरीच उरली असती. ही म्हणाली, "तुम्ही आपल्या लोकांवर उगाच टीका करता." असेल.

आता, ज्या हल्ल्याच्या भीतीने हे सगळं आधीच हलवलं होतं त्या रात्रीबद्दल.

१३ फेब्रुवारी १९४५. त्यांच्या उपासाच्या आदल्या दिवशीचा सण होता, मुलांनी सोंगांचे कपडे घातले होते. गाव पूर्वेकडून रशियन फौजेपुढे पळून आलेल्या लोकांनी भरलेलं. रात्री दहानंतर ब्रिटिश विमानांची पहिली लाट आली, मध्यरात्रीनंतर दुसरी. दोन्ही मिळून आठशेच्या आसपास विमानं. पुढचे दोन दिवस अमेरिकन आले. आधी छपरं फोडणारे बॉम्ब, मग त्या भोकांतून आग लावणारे. आगी एकमेकींत मिसळल्या आणि वाराच आगीकडे ओढला जाऊ लागला. किती मेले यावर पुढे साठहून जास्त वर्षं भांडण झालं. हिटलरच्या प्रचारखात्याने आकडा कितीतरी पट फुगवून जगभर पसरवला. अखेर गावाने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने कागद तपासून २०१० मध्ये सांगितलं, जास्तीत जास्त २५,०००. काही लोकांना तो आकडा कमी वाटला, जसं काही पंचवीस हजार म्हणजे थोडे.

मुलीने आम्हाला आल्टमार्क्टला नेलं, म्हणजे जुन्या बाजारात. आता तिथे हॉटेलं आहेत, नाताळात जत्रा भरते. त्या फेब्रुवारीत पुरायला वेळ नव्हता आणि साथीची भीती होती, म्हणून याच चौकात लोखंडाच्या जाळ्या मांडून ६,८६५ प्रेतं जाळली. फरसबंदीत त्याची नोंद आहे, खाली पाहिलं तरच दिसते. जाळणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही. पण ज्यांच्यात पुरतात त्यांच्यासाठी तो शेवटचा अपमान होता, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. आमची ही चप्पल काढून उभी राहिली. हॉटेलातले लोक पाहत होते.

पण हे गाव काही निरागस नव्हतं. तिथल्या लोकांनी मला हे स्वतःहून सांगितलं, म्हणून मीही सांगतो. त्याआधी सहा वर्षं, ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री, गावच्याच माणसांनी गावचं ज्यूंचं प्रार्थनामंदिर जाळलं होतं. व्हिक्टर क्लेम्पेरर नावाचे प्राध्यापक होते, ज्यू. बॉम्ब पडले त्याच दिवशी त्यांना गावात उरलेल्या ज्यूंच्या घरी हद्दपारीच्या नोटिसा वाटाव्या लागल्या होत्या. रात्री आग लागली, गोंधळ झाला, बायकोने त्यांच्या कोटावरची, ज्यूंना सक्तीची असलेली चांदणी काढून टाकली आणि ते तिच्याबरोबर गर्दीत मिसळून वाचले. बॉम्बमुळे वाचलेला माणूस. आणि पोलंडची राजधानी वॉर्सा तर जर्मनांनी १९४४ मध्ये घर घर सुरुंग लावून पाडली. त्याच पोलंडमधून परागंदा झालेली सुमारे पाच हजार माणसं १९४३ ते ४८ आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला छावणीत राहत होती, बहुतेक बायका आणि पोरं. कोल्हापूरच्या लोकांना हे माहीत असतं. आम्हा विदर्भवाल्यांना शाळेत कोणी सांगितलं नाही.

खरं म्हणजे मला लिहायचं आहे ते दगडांबद्दल.

फ्राउएनकिर्शे, म्हणजे मेरीमातेचं चर्च. गेओर्ग बेअर नावाच्या सुताराने, होय, मूळच्या सुताराने, ते आखलं, आणि १७२६ ते १७४३ मध्ये ते बांधून झालं. घुमटही दगडी, हजारो टन वजनाचा, आठ खांबांवर तोललेला. १३ तारखेच्या रात्री ते पडलं नाही. गाव जळत होतं आणि घुमट उभा. तळघरात आसऱ्याला आलेली माणसं बाहेर पडली. आतले लाकडी सज्जे, बाकं पेटली. वालुकाश्म तापला, खांब फुटू लागले, आणि १५ तारखेला सकाळी सगळं आपल्याच वजनाने खाली बसलं. कोणत्याही ओव्हरसियरला विचारा, इमारत पडते ती नेहमी नंतर.

मग पुढची जवळपास ४८ वर्षं तो ढिगारा तसाच. बाकी गावचा मलबा हलवायला अरुंद रुळांच्या छोट्या गाड्या टाकल्या होत्या. फोटो पाहिला तेव्हा मला आमची शकुंतला आगगाडी आठवली. १९२१ ला मँचेस्टरला बनलेलं इंजिन, १९९४ पर्यंत यवतमाळ–मूर्तिजापूर वाफेवर धावलेलं. ती कापूस न्यायची, ह्या घरं न्यायच्या. या ढिगाऱ्यावरून मात्र गाडी फिरली नाही. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्यातल्या माणसांनी भांडून तो वाचवला, साम्यवादी सरकारने पुढे त्याला युद्धाचं स्मारक ठरवलं. खरं तर पैसा नव्हता, आणि सरकारकडे पैसा नसणं हे कधीकधी वास्तूसाठी चांगलं असतं. ढिगाऱ्यावर झुडपं उगवली. १९८२ पासून दर १३ फेब्रुवारीला लोक तिथे मेणबत्त्या घेऊन मुकाट उभे राहू लागले, आणि त्या राजवटीत मुकाट उभं राहणं हीसुद्धा धिटाई होती.

बर्लिनची भिंत पडली, देश एक झाला, आणि १९९३ च्या जानेवारीत ढिगारा उपसायला सुरुवात झाली. मी संग्रहालयातला तक्ता दोनदा वाचला, मुलीला थांबवून. प्रत्येक घडीव दगडाचा फोटो काढला. मोजमाप घेतलं. क्रमांक दिला. ढिगाऱ्यात तो कुठे, कसा, कोणत्या तोंडाने पडला होता ते लिहिलं. कारण दगड जिथे पडतो त्यावरून तो कुठून सुटला ते काढता येतं. मग कपाटात पुस्तकं लावावीत तसे ते चौकात मांडण्यांवर लावले. दीड वर्ष हे चाललं. साडेतीन हजारांहून जास्त जुने दगड पुन्हा बाहेरच्या भिंतींत बसले. रंगाला काय लागलं होतं हे अठराव्या शतकातल्या खरेदीच्या पावत्यांतून शोधलं, त्यात अंडी निघाली. आपल्याकडे राजूरच्या चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालायचे म्हातारे गवंडी, तसं. दरवाज्यांची कागदपत्रं नव्हती. मग गावाला आवाहन केलं, की या दारापुढे काढलेले लग्नाचे फोटो असतील तर द्या. नवरा-नवरीच्या मागे दिसणाऱ्या पट्ट्यांवरून दार बनलं.

खर्च सुमारे १८ कोटी युरो, त्यातला निम्म्याहून जास्त देणग्यांतून. दगडाचा कण आत बसवलेली मनगटी घड्याळंसुद्धा विकली. ग्युन्टर ब्लोबेल नावाच्या शास्त्रज्ञाला १९९९ चं नोबेल मिळालं, त्याने ते पैसे इथे आणि नव्या ज्यू प्रार्थनामंदिराला दिले. लहानपणी निर्वासित म्हणून जाताना, बॉम्ब पडायच्या थोडे दिवस आधी, त्याने हा घुमट पाहिला होता. शिखरावरचा सोनेरी क्रूस लंडनच्या ॲलन स्मिथ या कारागिराने घडवला. त्याचे वडील १३ फेब्रुवारीच्या विमानांपैकी एकात होते. ३० ऑक्टोबर २००५ ला चर्च खुलं झालं. जुना क्रूस ढिगाऱ्यात वाकडातिकडा सापडला होता, तो आत ठेवलाय, सरळ न करता.

मी भिंतीला हात लावला. नवा दगड पिवळसर, जुना काळा. पिवळ्या भिंतीत काळे ठिपके, जिथे पूर्वी होते तिथेच. मी आमच्या हिला सांगत होतो, की हे आगीने काळे झाले. शेजारी एक म्हाताऱ्या बाई माहिती सांगत होत्या, त्यांनी इंग्रजीत मला थांबवलं. काजळी नाही, म्हणाल्या. या दगडात लोह असतं, ते हवेने काळं पडतं. नवेही पडतील, तुमची नातवंडं येतील तेव्हा ओळखू येणार नाहीत. मी तीन दशकं दगडात काढून हे चुकलो. आमचा दगड बेसाल्ट, तो जन्मतःच काळा.

तिथून येऊन बाकावर बसलो आणि डाक बंगला आठवला.

१९८७ ची गोष्ट. दारव्ह्याच्या बाजूला एका गावात इंग्रजी अमदानीतला डाक बंगला होता. घडीव काळ्या दगडाच्या भिंती, चुन्याच्या दरजा, सागाच्या तुळया, समोर दोन चिंचा. एका कोपऱ्यातून छत गळत होतं. वरून इमारत निर्लेखित करायचा आदेश आला. मी तरुण, कामसू. सागवानाचा लिलाव केला, कौलं मोजून दिली. दगडाचं काय करायचं याचं कागदावर काहीच नव्हतं. मी तो फोडून घेतला. चार वडारांनी आणि त्यांच्या घणांनी नऊ दिवसांत. त्या गिट्टीचं सोलिंग समोरच्याच रस्त्याखाली गेलं. एमबीत, म्हणजे मोजमापाच्या सरकारी वहीत, मी लिहिलं, अमुक घनमीटर दगड, स्थानिक, मिळाला. म्हाताऱ्या वडाराने एक दगड बाजूला ठेवून मला बोलावलं होतं. "सायेब, यावर नक्षी हाये." मी म्हणालो, फोड. त्याने फोडला नाही. मग त्याने काय केलं ते मी पाहिलं नाही, कारण जीप आली होती.

यवतमाळच्या शिवेला लोहाऱ्याला कमलेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे. चुना नाही, दगडावर दगड, जोड बसवून. मी तिथे दर श्रावण सोमवारी जात असे आणि सोबतच्या कनिष्ठांना सांगत असे, बघा, याला काम म्हणतात. सोमवारी हे सांगायचं आणि मंगळवारी घण.

सप्टेंबरमध्ये परत आलो. जावई म्हणाले होते, बाबा, आता आराम करा. पंधरा दिवसांनी एसटीने त्या गावाला गेलो. डाक बंगल्याच्या जागी पाण्याची टाकी आहे. एक चिंच उरलीय. रस्त्यावर डांबराचे किती थर चढलेत ते मोजणं मूर्खपणाचं, त्याच्या तळाशी माझं सोलिंग आहे. पण हातपंपाजवळ चार दगड दिसले. घडीव, कोपरे अजून धारदार. त्यातल्या एकावर अर्धं कमळ कोरलेलं, बाकी अर्धं मातीत. बाया त्यावर कपडे धूत होत्या, कमळावर साबणाचा फेस.

मी पिशवीतून टेप काढला. पहिला: लांबी ०.७२, रुंदी ०.३०, उंची ०.२५. वहीत लिहिलं. दुसऱ्याला वाकलो तेव्हा एक बाई धुणं थांबवून म्हणाली,

"काय मोजून राह्यले जी? इथून रोड येऊन राह्यला काय?"

मी नाही म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही. तिने बादली उचलून बाजूला ठेवली, आणि मला तिसरा मोजता आला.